दोन पिस्तुलांचे खरेदीखत

भाषेत काही शब्द असे असतात की, ते वापरणाराच्या नकळत एखाद्या खटल्याचा निकाल देऊन मोकळे होतात. ‘शोध लावणे’ हा त्यांपैकीच एक होय. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, वास्को द गामाने हिंदुस्थानचा जलमार्ग शोधून काढला, कॅप्टन कुकाने पॅसिफिक महासागरातील अमुक बेटे आणि तमुक किनारे उजेडात आणले, ही वाक्ये आमच्या सुशिक्षित घरांतून कित्येक पिढ्या पाठ होत आली आहेत. गामाने मालिंदी बंदरात जाणता वाटाड्या घेतला व त्याच्या भरवशावर तो कालिकतला पोहोचला, ही हकीकतही आपण त्याच्या मागोमाग वाचतो. तरी ‘शोधून काढला’ ह्या क्रियापदाला तिने यत्किंचितही धक्का बसत नाही. जी वस्तू हरवलेली नव्हती, जिचे मालक तिच्यावर घरे बांधून राहत होते, तिचा ‘शोध’ लागतो कसा, असे विचारणारा विद्यार्थी वर्गात उद्धट ठरतो. आमच्या मते त्या वर्गात जागा असलेला तेवढा तोच असतो.

हा निव्वळ शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्ही लेखणी हाती धरली नसती. ‘शोध’ ह्या शब्दाच्या पाठोपाठ ‘ताबा’ येतो, ताब्याच्या पाठोपाठ ‘वसाहत’ येते, आणि वसाहतीच्या पाठोपाठ मूळ मालकाला त्याच्याच जमिनीवर उपरा ठरविणारा कायदा येतो. ही परंपरा कशी चालते ते दाखविण्यासाठी आम्ही एकच उदाहरण घेतो. ते म्हणजे उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा. त्याचा मोठा भाग आज ब्रिटिश कोलंबिया ह्या नावाने कॅनडात मोडतो. हे उदाहरण निवडण्याची कारणे तीन. ह्या किनाऱ्यावर युरोपियनांचा वावर सुरू होऊन जेमतेम अडीचशे वर्षे झाली असल्यामुळे त्यांचा बहुतेक व्यवहार त्यांच्याच हातचा लिहिलेला सापडतो. दुसरे, ह्या व्यवहाराच्या आरंभी आमच्या मुंबई बंदराचाही हात आहे. आणि तिसरे, आज व्हँकूव्हर शहरी व त्याच्या आसपास मराठी कुटुंबे सुखाने नांदत आहेत. तेव्हा त्या भूमीचा इतिहास आता सर्वस्वी परका राहिलेला नाही.

प्रथम हा ‘शोध’ लावला कोणी, तेच पाहू. ह्वान पेरेस हा स्पॅनिश दर्यावर्दी १७७४ च्या उन्हाळ्यात ह्या किनाऱ्याजवळ आला. हैदा लोकांच्या होड्या त्याच्या जहाजाभोवती जमल्या, देवघेव झाली. पुढे दक्षिणेस नूट्का खाडीच्या तोंडाशीही तसेच घडले. पुढील साली बोडेगा इ क्वाड्रा हा दुसरा स्पॅनिश अधिकारी आणखी उत्तरेपर्यंत जाऊन आला. २९ मार्च १७७८ रोजी इंग्रजांचा कॅप्टन जेम्स कुक नूट्का खाडीत शिरला. त्याच्या दोन जहाजांपैकी एकाचे नावच मुळी ‘डिस्कव्हरी’, म्हणजे ‘शोध’ असे होते. परंतु त्या ‘शोधा’च्या ठिकाणी कुकाला काय आढळले? तेथील एका मनुष्यापाशी चांदीचे दोन चमचे आढळले, आणि ते स्पॅनिश असावेत अशी त्याची खात्री झाली. म्हणजे शोध लागण्यापूर्वीच शोधलेल्या प्रदेशात युरोपचे चमचे पोहोचले होते! पुढे स्पेन म्हणे आम्ही आधी, इंग्लंड म्हणे आम्ही आधी. ह्या भांडणात एक गोष्ट कोणाच्याही ध्यानी आली नाही. ती ही की, पेरेसला व कुकाला होड्या घेऊन सामोरे जे आले, ते दोघांच्याही आधीचे होते.

ह्याच मुक्कामात घडलेली एक लहानशी गोष्ट कुकाने स्वतः नमूद करून ठेवली आहे, आणि आमच्या मते सर्व वादाचा निकाल तिच्यात आहे. जहाजावरच्या शेळ्यामेंढ्यांसाठी गवत कापावयास त्याने माणसे पाठविली. गवत कापू लागताच तेथील लोकांनी हरकत घेतली व मोल मागितले. एकाला दिले तो दुसरा पुढे झाला, दुसऱ्याला दिले तो तिसरा. गवताच्या पात्यापात्याला धनी आहे की काय, असे त्यास वाटू लागले. आपल्या देशात जे जे पिकते ते सर्व आपल्याच मालकीचे, अशी इतकी पक्की भावना आपण दुसरीकडे कोठे पाहिली नाही, ह्या आशयाचा शेरा जगभर हिंडलेल्या ह्या मनुष्याने मारला आहे. कुकाने वाद घातला नाही, मोल दिले. वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या भूमीवरील गवताचे मोल पहिल्याच महिन्यात चुकते करावे लागले, ती भूमी बेवारस होती असे पुढची शंभर वर्षे सांगण्यात आले!

आता मुंबईचा संबंध पाहू. कुकाच्या खलाशांनी नूट्का येथे क्षुल्लक वस्तूंच्या बदल्यात समुद्रपाणमांजराची कातडी घेतली होती. ती कँटनच्या बाजारात अतोनात किंमतीला खपली. १७८४ साली कुकाच्या सफरीचा वृत्तांत छापून प्रसिद्ध होताच ही बातमी व्यापाऱ्यांच्या कानी गेली. पुण्यास सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असता, इकडे मुंबईत डेव्हिड स्कॉट ह्या व्यापाऱ्याच्या साह्याने जेम्स स्ट्रेंज नावाच्या कंपनी-नोकराने दोन जहाजे सज्ज केली. एकाचे नाव ‘कॅप्टन कुक’ व दुसऱ्याचे ‘एक्स्पेरिमेंट’. डिसेंबर १७८५ मध्ये ती मुंबईहून निघाली आणि १७८६ च्या उन्हाळ्यात नूट्का येथे पोहोचली. परत निघताना स्ट्रेंजने जॉन मॅके नावाचा आपला एक माणूस तेथील प्रमुख मॅक्विना ह्याच्या लोकांत ठेवून दिला. तो वर्षभर त्यांच्यात राहिला. सफरीत म्हणावा तसा नफा झाला नाही. परंतु वाट पडली ती पडली. त्यानंतर कलकत्ता, मकाव, लंडन, बॉस्टन अशा नाना बंदरांतून जहाजांची रीघ लागली, आणि काही दशकांत तो प्राणी त्या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. १९११ साली राष्ट्रांनी करार करून त्याला संरक्षण दिले तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर १९६९ ते १९७२ ह्या काळात बाहेरून ८९ प्राणी आणून सोडावे लागले. असो. सांगावयाचे ते हे की, हा किनारा आमच्या नकाशाबाहेरचा म्हणून त्याचा विचार आम्हास नको, असे मुंबईच्या माणसाने तरी म्हणू नये.

ह्या व्यापाऱ्यांपैकीच जॉन मीअर्स हा एक. तो १७८८ साली मकावहून पोर्तुगीज निशाणाखाली नूट्का येथे आला. त्याने तेथे एक घर उठविले. पुढील साली स्पेनचा अधिकारी एस्तेबान होसे मार्तीनेस ह्याने नूट्का येथे येऊन मीअर्सच्या मंडळीची जहाजे धरली. आणि त्याच गडबडीत मॅक्विनाचा आप्त कॅलिकम हा स्पॅनिश गोळीने मारला गेला. मीअर्स धावत लंडनला गेला व पार्लमेंटपुढे त्याने गाऱ्हाणे मांडले. त्या गाऱ्हाण्यातील मुख्य मुद्दा असा की, नूट्का येथील जागा आपण मॅक्विनापासून दोन पिस्तुले देऊन विकत घेतली आहे. सबब ती इंग्रजी मालमत्ता असून स्पेनने ती बळकावली आहे. ह्या गाऱ्हाण्यावरून इंग्लंड व स्पेन ही दोन साम्राज्ये युद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन ठेपली; आरमारे सज्ज झाली. अखेर २८ ऑक्टोबर १७९० रोजी स्पेनने नमते घेऊन करार केला.

आमचा सारा युक्तिवाद ह्या दोन पिस्तुलांवर उभा आहे. विकत घेतली असे म्हटले की विकणारा मालक होता हे आलेच. मॅक्विना मालक नसेल तर मीअर्सचे खरेदीखत फोल, आणि ते खरेदीखत पुढे करून स्पेनवर डोळे वटारणारे इंग्लंडचे मंत्रिमंडळ खोटे. मॅक्विना मालक असेल, तर त्याच्या खाडीच्या पलीकडली खाडी, तिच्या पलीकडले बेट, त्या बेटापलीकडली नदी, ह्या सर्वांनाही त्याच्याचसारखे मालक होते, आणि त्यांच्याकडून विकत घेतल्यावाचून त्यातील तसूभर जागाही कोणाची होऊ शकत नव्हती. ह्या दोहोंपैकी साम्राज्याने एक पक्ष पत्करावा. पण त्याने दोन्ही पत्करले! स्पेनशी भांडताना मॅक्विना सार्वभौम जमीनदार होता. मॅक्विनाच्या नातवांशी व्यवहार करताना तो रानात भटकणारा कोणी एक ठरला.

करारानंतर इंग्रजांचा जॉर्ज व्हँकूव्हर आणि स्पेनचा बोडेगा इ क्वाड्रा हे १७९२ साली नूट्का येथे हद्द ठरविण्यासाठी भेटले. ठरले काहीच नाही. दोघेही मॅक्विनाच्या घरी पाहुणचार मात्र झोडून आले. मार्च १७९५ मध्ये एक निशाण उतरले, दुसरे चढले व उतरले, आणि दोन्ही साम्राज्ये तेथून निघून गेली. ती गेल्यावर गावकऱ्यांनी आपल्या यूक्वॉट गावी पुन्हा आपली घरे उभारली. ज्यांचे भांडण होते ते गेले, ज्यांचे घर होते ते राहिले.

समुद्राकडून आले तसे गोरे लोक जमिनीकडूनही आले. अलेक्झांडर मॅकेंझी १७९३ साली पर्वत ओलांडून बेला कूला नदीच्या मुखाशी पोहोचला व तेथल्या खडकावर त्याने आपले नाव लिहिले. मेक्सिकोच्या उत्तरेस खंड ओलांडून पश्चिम समुद्र गाठणारा पहिला युरोपियन म्हणून त्याचा गौरव होतो, आणि त्याच्या धाडसाचे मोल आम्हीही कमी लेखीत नाही. परंतु तो चालला ती वाट कोणती? युलाकन नावाच्या माशाचे तेल किनाऱ्यावरून आत नेण्याची, पिढ्यान्‌पिढ्या तुडविलेली व्यापाराची वाट ती. वाटाडे तेथले, नावा तेथल्या, रात्रीचा आसरा तेथला. खडकावरचे नाव तेवढे पाहुण्याचे.

येथवर झाला तो व्यापाराचा काळ. वसाहतीचा काळ याहून वेगळा. व्यापाऱ्याला शिकारी जिवंत हवा असतो. वसाहतवाल्याला जमीन रिकामी हवी असते. १८४६ साली इंग्लंड आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने ह्यांनी ४९ व्या अक्षांशावर रेघ ओढून हा प्रदेश आपसांत वाटून घेतला. ज्यांच्या घरांतून व कोळीवाड्यांतून ती रेघ गेली, त्यांपैकी एकालाही त्या बैठकीत बोलावणे नव्हते. १८४९ साली व्हँकूव्हर बेट हे अख्खे बेट हडसन्स बे कंपनीला वर्षाला सात शिलिंग भाड्याने देण्यात आले. सात शिलिंग! मॅक्विनाची दोन पिस्तुले त्या मानाने भारी पडली म्हणावयाची.

कंपनीचा अधिकारी जेम्स डग्लस ह्याने १८५० ते १८५४ ह्या काळात त्या बेटावरील लोकांशी चौदा करार केले, व ब्लँकेटांच्या रूपाने मोबदला दिला. डग्लस हा पुढच्या अधिकाऱ्यांच्या मानाने बराच न्यायी होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याच्याही न्यायाचा नमुना पाहण्यासारखा आहे. १८५० साली व्हिक्टोरिया येथे झालेल्या पहिल्या करारांच्या वेळी प्रमुखांकडून कोऱ्या कागदावर फुल्या घेण्यात आल्या. मजकूर मागाहून लंडनहून आला, व तोही न्यूझीलंडात वापरलेल्या दस्तऐवजावरून उतरविलेला होता. सावकाराने कोऱ्या कागदावर कुणब्याचा अंगठा घेतला की आम्ही त्याला काय म्हणतो? साम्राज्याने घेतला की त्याला ‘तह’ म्हणतात. आणि एवढे करूनही ह्या चौदा करारांनी त्या बेटाचा अगदी थोडा भाग व्यापला. मुख्य भूमीवर तर, ईशान्येचा एक कोपरा सोडला असता, एकोणिसाव्या शतकात असा करार झालाच नाही. वास्तविक १७६३ च्या राजघोषणेने खुद्द इंग्लंडच्या राजाने आपल्या प्रजेस बजावले होते की, अमेरिकेतील मूळ रहिवाशांची जमीन राजसत्तेने रीतसर विकत घेतल्यावाचून कोणी घेऊ नये. तेव्हा आम्ही आजची नीती कालच्या माणसांवर लादतो, हा आक्षेप येथे लागू पडत नाही. त्यांच्याच राजाच्या फर्मानाने आम्ही त्यांस मोजीत आहोत.

१८५८ साली फ्रेझर नदीत सोने सापडले आणि हजारो माणसे लोटली. त्याच वर्षी मुख्य भूमीवर ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत स्थापन झाली. डग्लस गेला आणि १८६४ साली जोसेफ ट्रच हा जमीनखात्याचा प्रमुख झाला. मूळ रहिवाशांचा जमिनीवर मुळी हक्कच नाही, ही त्याची भूमिका. डग्लसच्या काळात राखून ठेवलेल्या जागा त्याने कापून कापून लहान केल्या. कुटुंबामागे दहा एकर हे त्याचे माप. गोऱ्या वसाहतवाल्याला मात्र १६० एकर जमिनीवर दावा सांगता येत असे. १८६६ च्या हुकुमाने मूळ रहिवाशाला गव्हर्नरच्या लेखी परवानगीवाचून तसा दावा करण्यास बंदी झाली. १८७१ साली ही वसाहत कॅनडात सामील झाली. १८७३ साली मध्यवर्ती सरकारने कुटुंबामागे ८० एकरांची सूचना केली, तेव्हा प्रांत २० एकरांच्या पुढे सरकेना. आणि ट्रच? तो प्रांताचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

ह्या सर्वाच्या समर्थनार्थ जी कारणे देण्यात येतात ती तपासू. पहिले कारण असे की, हे लोक शेती करीत नव्हते, सबब जमीन त्यांची नव्हती. हे विधान खोटे आहे, आणि खरे असते तरी निरुपयोगी होते. व्हँकूव्हर बेटाच्या आसपास लाटांच्या हद्दीवर दगडी बांध घालून शिंपल्यांचे मळे केलेले आहेत. त्यांपैकी काही साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे आढळून आले आहे. नदीनदीवर सामन माशांसाठी घातलेले बांध अमक्या घराण्याचे, अशी वाटणी होती. १८४२ साली डग्लस ज्या रमणीय कुरणांवर भाळला व जेथे पुढील साली त्याने व्हिक्टोरियाचा किल्ला बांधला, ती कुरणे लेक्वंगन लोकांनी दरसाल जाळून, निंदून, कामस नावाच्या कंदासाठी राखलेली होती. म्हणजे ज्या सौंदर्याला तो निसर्गाची देणगी समजला, ती परक्याची मेहनत होती. ह्यालाच आमच्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

दुसरे कारण रोगाचे. लोक देवीच्या साथीने मेले, त्यास कोण काय करणार, असा सूर निघतो. रोगजंतूला हेतू नसतो, हे खरे. परंतु १८६२ च्या मार्चमध्ये सान फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर देवी व्हिक्टोरियात शिरली, तेव्हा लस उपलब्ध होती. थोड्यांना ती टोचलीही गेली. शहराभोवती उत्तरेकडून आलेल्या हजारो लोकांच्या वस्त्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्या वस्त्या रिकाम्या करविल्या, झोपड्या जाळविल्या, आणि आजारी व निरोगी सर्वांना एकत्र उत्तरेस हाकलले. काहींच्या होड्या तर गलबतामागे बांधून ओढत नेल्या. ती माणसे शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर गावोगाव देवी घेऊन गेली. किनाऱ्यावर सुमारे चौदा हजार माणसे त्या साथीत दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पूर्वी हजारोंनी मोजले जाणारे हैदा लोक विसाव्या शतकाच्या आरंभी सहाशेच्या घरात उरले. ह्यानंतर गावे रिकामी दिसली, म्हणून भूमी ओसाड ठरविण्यात आली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तिसरे कारण सुधारणेचे. हे लोक आपसांत लढत, गुलाम बाळगीत. १८०३ साली मॅक्विनाच्याच लोकांनी ‘बॉस्टन’ जहाजावरील दोघांखेरीज सर्वांना ठार मारले. अशांच्या हाती देश राहता तर बरे झाले असते काय, असे विचारतात. आम्ही ह्यातील एकही गोष्ट नाकारीत नाही. तेथे गुलामगिरी होती, व ती निंद्यच होती. परंतु कुक नूट्काला गेला तेव्हा इंग्लंडची जहाजे आफ्रिकेतून माणसे विकत नेत होती. तेवढ्यावरून यॉर्कशायरची जमीन बेवारस झाली, असे कोणी म्हटले नाही. मालकाचे पाप हा त्याच्या मालकीचा अंत नव्हे. नाही तर जगात कोणाचेच घर कोणाचे राहणार नाही.

आणि सुधारणा म्हणजे तरी काय झाले? ह्या किनाऱ्यावर पॉटलॅच नावाचा समारंभ असे. विवाह, नामकरण, वारसा अशा प्रसंगी यजमान सर्वांसमक्ष आपले हक्क सांगे, व जमलेल्यांना मुक्तहस्ताने दाने देऊन त्यांस साक्षी करी. जेथे कागद नाही तेथे तीच दप्तरदारी. कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायदा करून हा समारंभ गुन्हा ठरविला. १९२१ च्या नाताळात डॅन क्रॅनमर ह्याने केलेल्या पॉटलॅचबद्दल माणसांना तुरुंगात घातले. त्यांचे मुखवटे, ताम्रपट्ट जप्त करून पदार्थसंग्रहालयांस वाटले. ते परत मिळविण्यास त्यांच्या नातवंडांना पन्नासाहून अधिक वर्षे झगडावे लागले. ह्याच्याही पलीकडची गोष्ट १९२७ ची. त्या साली असा कायदा झाला की, मूळ रहिवाशांच्या जमिनीचा दावा चालविण्यासाठी सरकारच्या परवानगीवाचून कोणी पैसा गोळा करू नये. ही दोन्ही बंधने १९५१ पर्यंत टिकली. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. ज्याचे खरेदीखत खरे असते तो दुसऱ्याच्या वकिलाला कशाला भितो? चौथा पुरावा शोधण्याची गरज नाही. हा कायदाच कबुलीजबाब आहे.

हे सारे आम्ही हयात नसलेल्या माणसांच्या वतीने भावनेच्या भरात बोलतो, असेही नाही. निस्गा लोकांचे प्रमुख १८८७ साली व्हिक्टोरियात जाऊन दाद मागून आले. १९१३ साली त्यांनी लंडनला अर्ज धाडला. १९७३ साली त्यांचा दावा तांत्रिक दृष्ट्या फसला, तरी मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क कायद्यास ठाऊक असलेली गोष्ट आहे, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातील बहुतेक न्यायाधीशांनी मान्य केले. आणि २००० साली त्यांचा तह अमलात येऊन सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर भूमी त्यांची ठरली. १८८७ पासून २००० पर्यंत एकशे तेरा वर्षे! १९९७ साली डेलगामूक खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, ह्या लोकांच्या तोंडी परंपरेला पुरावा म्हणून स्थान दिले पाहिजे. १८६४ साली रस्ता करणाऱ्यांवर हल्ला केल्याबद्दल त्सिलकोटिन लोकांच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून पकडण्यात आले व फाशी देण्यात आले होते. २०१४ साली त्यांच्याच वंशजांचा सतराशेहून अधिक चौरस किलोमीटर भूमीवरील हक्क न्यायालयाने जाहीर केला, आणि २०१८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात ते प्रमुख निर्दोष असल्याचे सांगितले. २०१० साली क्वीन शार्लट बेटांचे हैदा ग्वाय हे मूळ नाव परत आले. २०१४ साली व्हँकूव्हर शहराच्या नगरसभेने ठराव करून मान्य केले की, आपले शहर मस्क्विअम, स्क्वॉमिश व त्स्लेल-वॉटूथ ह्या लोकांनी कधीही सोडून न दिलेल्या भूमीवर वसलेले आहे. लुटणाराच्या वंशजांनी जे उशिरा का होईना तोंडाने उच्चारले, ते उच्चारावयास आम्हास मात्र अजून संकोच वाटतो.

‘ह्यात आम्हास काय?’ हा प्रश्न अखेर उरतो. ह्याचे एक उत्तर व्हँकूव्हरच्या बंदरातच आहे. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन तेथे आले. दोन महिने त्यांना समुद्रात अडकवून ठेवून, थोडक्यांखेरीज सर्वांना परत धाडण्यात आले. स्वतः कोणाचीही परवानगी न घेता जे त्या किनाऱ्यावर उतरले, ते आमच्या माणसांकडे परवानगीचे कागद मागत होते! ह्या अन्यायाबद्दल आमचे लोक आजही तळमळीने बोलतात, आणि तसे त्यांनी बोलावेच. २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दलही पार्लमेंटात क्षमा मागितली. परंतु ज्याला कोमागाता मारू आठवते आणि यूक्वॉट आठवत नाही, त्याला अन्यायाचा राग नसून केवळ आपल्या वाट्याला आलेल्या अपमानाचा राग आहे.

दुसरे उत्तर सह्याद्रीत आहे, आणि ते अधिक टोचणारे आहे. नांगर चालत नाही ती जमीन कोणाची नव्हे, हा ट्रचचा सिद्धान्त इंग्रजांनी इकडेही आणला होता. १८७८ च्या जंगल कायद्याने कातकरी, ठाकूर, भिल्ल ह्यांच्या पायाखालचे रान सरकारी झाले. इंग्रज गेल्यावरही तो सिद्धान्त सुमारे साठ वर्षे राहिला, आणि २००६ साली वनहक्कांचा कायदा करताना आमच्या पार्लमेंटाला ऐतिहासिक अन्याय झाल्याचे शब्दांनी मान्य करावे लागले. ह्या साऱ्या काळात आम्ही सुशिक्षित मंडळी त्या रानात सहलीस जात होतो, आणि येथे कोणी राहते काय, असे विचारण्याचेही आम्हास सुचत नव्हते. ‘शोध लावला’ हे क्रियापद ज्यांच्या जिभेवर लहानपणीच बसते, त्यांच्या डोळ्यांना पुढे माणसे दिसेनाशी होतात, ती अशी.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. कोणाचे पुतळे पाडावेत किंवा कोणाच्या धाडसाला धाडस म्हणू नये, असे आमचे म्हणणे नाही. कुक हा थोर दर्यावर्दी होता, आणि त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्याच्या प्रामाणिकपणावरच तर आम्ही हा लेख रचला आहे. आमच्या घरांतील मुलामुलींना त्याच्याविषयी जे वाक्य शिकवावयाचे, ते मात्र त्याच्याच रोजनिशीशी जुळते असावे, एवढाच आमचा आग्रह. ते वाक्य असे: १७७८ साली कॅप्टन कुक नूट्का येथे पोहोचला, आणि तेथील मालकांनी त्याच्याकडून गवताचे मोल घेतले.